फोटोग्राफीची रेसिडेन्सी: नागपुरातून पहिला अर्ज करताना

नागपुरात कॅमेऱ्यावर पोट भरता येतं. लग्नसराई आहे, वर्तमानपत्रं आहेत, ताडोबा आणि पेंच जवळ असल्यामुळे वन्यजीव टिपणाऱ्यांची तर मोठी फळीच इथं तयार झाली आहे. पण एखादा विषय धरून वर्ष-दोन वर्षं स्वतःचं काम करायचं ठरवलं, की दोन गोष्टींची चणचण जाणवायला लागते. एक, काम पसरून ठेवता येईल अशी जागा. दुसरी, ते काम बारकाईनं बघून खरं बोलणारी माणसं. रेसिडेन्सी या दोन्ही गोष्टी काही आठवड्यांसाठी पदरात टाकते. नागपूरच्या मुलामुलींनी तिच्याकडे गंभीरपणे बघावं असं मला मनापासून वाटतं.

रेसिडेन्सीत एखादी कलासंस्था अर्ज मागवते, निवड करते आणि कलाकाराला ठरावीक मुदतीसाठी बोलावते. मुदत बहुतेक ठिकाणी दोन आठवडे ते तीन महिने. राहायला खोली, कामाला स्टुडिओ, फोटोग्राफरांसाठी असेल तर डार्करूम (फिल्म धुण्याची आणि प्रिंट काढण्याची अंधारी खोली), स्कॅनर, मोठे प्रिंटर. सोबतीला इतर कलाकार, आणि अधूनमधून काम बघायला येणारे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड-मांडणी ठरवणारे, किंवा संपादक. काही ठिकाणी हातखर्चाला रक्कम मिळते. शेवटी बहुधा एक ‘ओपन स्टुडिओ’ असतो, म्हणजे तुमची खोली लोकांसाठी उघडी ठेवायची आणि जसं आहे तसं काम दाखवायचं. वर्ग नसतात, परीक्षा नसते.

घरी हे समजावणं जड जातं. “फोटो काढाले बाहेरगावी राहा लागते का? अन् खाण्यापिन्याचे पैसे कोन देते?” हा प्रश्न येणारच, आणि तो अगदी रास्त आहे. निवड होऊन मिळालेली कामाची शिष्यवृत्ती, असं सांगा. संस्थेचं पत्र, राहण्याचा पत्ता, तिथल्या समन्वयकाचा फोन नंबर आईबाबांच्या हातात द्या. मुलींना घरून परवानगी मिळायला याचा फार उपयोग होतो.

पहिली पायरी: काम नागपुरात सुरू झालेलं हवं

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: रेसिडेन्सी विषय देत नाही, ती सुरू झालेल्या कामाला जागा देते. ‘तिथं गेलो की काहीतरी सुचेल’ हा अर्ज निवड समितीच्या पहिल्या चाळणीतच गळतो. समितीसमोर शेकड्यानं अर्ज असतात. त्यांना बघायचं असतं की हा माणूस आपणहून, कुणी सांगितलेलं नसताना, किती काळ एका गोष्टीपाशी थांबला आहे.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही, फक्त सगळे जिथं उभे राहतात तिथून थोडं बाजूला सरकावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत (कागद-बांबूचा मोठा पुतळा) मिरवत निघते तेव्हा जुन्या नागपुरात कॅमेऱ्यांचीच गर्दी असते. त्या गर्दीत तुमचा फोटो वेगळा ठरणं कठीण. पण ती मारबत आठवडेच्या आठवडे आधी बांधणारे हात, तो कागद, ते बांबू, ती गल्ली, हे काम कुणी चिकाटीनं केलं तर त्याला वजन येईल. दीक्षाभूमीचंही तेच. १४ ऑक्टोबर १९५६ च्या त्या सोहळ्याची आठवण जपत दरवर्षी लाखो लोक येतात, आणि स्तूपाचे, निळ्या झेंड्यांचे फोटो सगळ्यांकडेच असतात. त्या दिवसांत पुस्तकांच्या दुकानांपुढे उभं राहून खरेदी करणारी कुटुंबं, रात्री रस्त्याकडेला टाकलेली त्यांची अंथरुणं, परतीच्या गाडीत डोक्याखाली घेतलेली नवी पुस्तकं, इथं एखाद्याचं चार-पाच वर्षांचं काम दडलेलं आहे.

अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे हे आपल्या विदर्भाचंच उदाहरण. मुंबईच्या सफाई कामगारांसोबत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका विषयाला दिलेला वेळ फोटोत उतरतो तो कसा, हे बघायचं असेल तर त्यांचं काम शांतपणे, एकेका फोटोवर थांबून बघा.

निदान सहा महिने एका विषयावर काम केलेलं असावं, आणि त्यातून एकमेकांना धरून राहणारे वीसेक फोटो निघत असावेत. एवढं असेल तर पुढं वाचा. नसेल तर आज अर्ज भरू नका, आज फोटो काढायला जा. अर्ज पुढच्या वर्षीही निघणार आहेत.

दुसरी पायरी: तुम्हाला नेमकी कसली जागा हवी आहे

कामाला कशाची अडचण आहे ते स्पष्ट ठरवा. मोठे प्रिंट काढून भिंतीवर बघायचेत? फिल्मवर काम आहे आणि डार्करूम नाही? हजारो फोटो जमलेत आणि निवड करायला शांतता नाही? की पुस्तकाची डमी, म्हणजे नमुना प्रत, बांधायची आहे? प्रत्येक गरजेची रेसिडेन्सी वेगळी. ज्याला संपादन करायचं आहे त्यानं डार्करूमसाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी अर्ज करण्यात अर्थ नाही. उलट, फिल्मवाल्यानं नुसतं टेबल-खुर्ची देणाऱ्या जागी जाऊन काय करायचं?

फिल्मचा मुद्दा नागपूरकरांसाठी खास आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. कृष्णधवल फिल्म धुण्याचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, गरम असला की तो झपाट्यानं काम करतो, धुण्याची वेळ पाच मिनिटांच्या खाली येते आणि निगेटिव्हवर कुठं गडद, कुठं फिकं असे ढग उमटतात. डेव्हलपर थंड आणि नंतरचं धुण्याचं पाणी गरम असं झालं तर फिल्मचा थर फुगून त्याला जाळीदार भेगा पडू शकतात. उपाय आहेत. डेव्हलपर, फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी हे तिन्ही बाटल्यांत भरून एकाच मोठ्या टबात ठेवायचं, टबात बर्फाच्या पिशव्या सोडायच्या आणि थर्मामीटर हातातून खाली ठेवायचा नाही. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होतो. त्याहून सोपं म्हणजे घरच्या डार्करूमचं काम डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवायचं. तेव्हा नळाचं पाणी आपणहूनच विशीच्या आसपास असतं. उन्हाळ्यात फिल्मवर काम पुढं नेणं घरी इतकं जिकिरीचं आहे, हे खरं कारण आहे, आणि ते अर्जात लिहावं. ‘वातानुकूलित डार्करूम हवी, कारण माझ्या गावी वर्षातले चार महिने मला प्रिंट काढता येत नाहीत’ या वाक्यात समितीला गरज दिसते.

उन्हाचा फायदाही आहे. सायनोटाइप नावाची निळे प्रिंट काढण्याची जुनी पद्धत सूर्यप्रकाशावर चालते. दोन रसायनांचं मिश्रण कागदावर मंद उजेडात लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पारदर्शक शीटवर छापलेली निगेटिव्ह ठेवून गच्चीत काही मिनिटं ऊन द्यायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) लागत नाही, डार्करूम लागत नाही. धुळवडीनंतरच्या नागपुरी उन्हात हे प्रिंट सुरेख निघतात. हातमोजे घाला, आणि स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नका. अशा हातच्या प्रिंटचे दोन-चार नमुने पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबतच्या निवडक फोटोंत, असले की तुम्ही साधनांची वाट बघत बसलेले नाही हे कळतं.

तिसरी पायरी: कुठं अर्ज करायचा

माझं स्पष्ट मत, पहिला अर्ज देशातल्या देशात करा. नागपूर मध्यावर आहे, दिल्ली, मुंबई, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू सगळीकडे थेट गाड्या आहेत. काम अडलं तर घरी येऊन परत जाता येतं. व्हिसाची धाकधूक नसते.

दिल्लीत खिडकी एक्स्टेंशनमधली ‘खोज’ ही संस्था १९९७ पासून काम करते आहे. तिचा ‘पीअर्स’ हा कार्यक्रम नवोदित कलाकारांसाठी आहे. थोड्याच जणांना निवडतात, ते काही आठवडे एकत्र काम करतात. तिथं फक्त फोटोग्राफर नसतात, आणि हीच चांगली गोष्ट आहे. शेजारच्या खोलीतली शिल्पकार तुमच्या प्रिंटकडे वस्तू म्हणून बघायला शिकवते. बंगळुरूचं ‘१ शांती रोड’ हे एका घरात उभं राहिलेलं स्टुडिओ-गॅलरीचं ठिकाण, मोकळं आणि आपुलकीचं. कोचीत बिनाले फाउंडेशनची ‘पेप्पर हाउस’ रेसिडेन्सी आहे (बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन). चेन्नईची फोटो बिनाले २०१६ मध्ये सुरू झाली. ती रेसिडेन्सी नव्हे, पण फोटोग्राफीचे शिकण्याचे उपक्रम आणि अर्ज मागवणाऱ्या जाहिराती तिच्याकडून निघत असतात, लक्ष ठेवा.

आशियातल्या नवोदितांसाठी कंबोडियातल्या सिएम रीपमधली अंगकोर फोटो वर्कशॉप्स हे फार मोलाचं ठिकाण आहे. २००५ पासून चालू आहे, शिकवण्याची फी घेत नाहीत. विमानाचा आणि राहण्याचा खर्च मात्र धरून चालायचा. मुक्काम थोड्याच दिवसांचा, पण रोज संध्याकाळी तुमचं काम पडद्यावर लागतं आणि त्यावर चर्चा होते. सवय नसलेल्याला सुरुवातीला ते अंगावर येतं.

दूरचं स्वप्न बघायचं तर अमेरिकेत सिराक्यूज इथलं ‘लाइट वर्क’. १९७३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था फक्त फोटोग्राफीशी संबंधित कलाकारांना बोलावते. एक महिन्याचा मुक्काम, राहायला घर, ५,००० डॉलर मानधन, डार्करूम आणि डिजिटल लॅब. कुठल्याही देशातून अर्ज करता येतो. मुक्कामानंतर तुमचं काम त्यांच्या ‘कॉन्टॅक्ट शीट’ या प्रकाशनात येतं. दरवर्षी जेमतेम डझन-दीड डझन कलाकार निवडले जातात, म्हणजे चुरस जबरदस्त. स्वित्झर्लंडची ‘प्रो हेल्वेशिया’ ही कलापरिषद दिल्लीतल्या कार्यालयामार्फत इथल्या कलाकारांना तिकडच्या स्टुडिओत पाठवते. ब्रिटनला जायचं असेल तर ‘चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट’ची मदत मिळू शकते. जगभरच्या रेसिडेन्सी एकत्र बघायला ‘रेस आर्टिस’ आणि ‘ट्रान्सआर्टिस्ट्स’ या दोन याद्या पुरेशा आहेत. रोज पंधरा ठिकाणी शोधत बसण्यापेक्षा महिन्यातून एकदा तिथं डोकवा आणि अंतिम तारखा वहीत लिहा.

लग्नाचं काम करणाऱ्यांसाठी एक व्यवहारी गोष्ट. आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त नसतात. जुलै ते ऑक्टोबर हा काळ तसा मोकळा जातो. त्या महिन्यांत मुक्काम असलेल्या रेसिडेन्सी आधी बघा, म्हणजे हंगामाचं उत्पन्न बुडत नाही. नोकरी करणाऱ्यांनी दोन ते चार आठवड्यांच्या पलीकडे पहिल्या खेपेला जाऊ नये.

चौथी पायरी: पैसे कोण देणार

रेसिडेन्सी पैशाच्या दृष्टीनं चार तऱ्हेच्या असतात. पहिलीत राहणं, स्टुडिओ, प्रवास आणि वर मानधन, सगळं मिळतं. दुसरीत जागा फुकट, बाकी तुमचं. तिसरीत खर्चाचा काही वाटा कलाकारानं द्यायचा असतो. पॅरिसच्या १९६५ पासूनच्या ‘सिते इंतरनॅसिओनाल देझार’सारख्या नामवंत ठिकाणीही बऱ्याच कलाकारांना दरमहा काही रक्कम भरावी लागते. यात गैर काही नाही. चौथी तऱ्हा मात्र सांभाळून घ्यायची: नाव रेसिडेन्सीचं, पण खरं म्हणजे महागडी खोली भाड्यानं दिलेली. अर्ज केला की दोन दिवसांत ‘अभिनंदन’ येतं आणि सोबत बँक खात्याचा क्रमांक. अशा वेळी तीन प्रश्न लेखी विचारा. निवड कोण करतं? मागच्या दोन वर्षांत कोण राहून गेलं? स्टुडिओत नेमकी कुठली साधनं आहेत? मग आधी राहून गेलेल्या एखाद्या कलाकाराला इन्स्टाग्रामवर साधा निरोप टाका. बहुतेक जण मोकळेपणानं सांगतात. उत्तरं गोलमोल आली तर सोडून द्या, कितीही सुंदर डोंगर दिसत असला तरी.

बऱ्याच परदेशी अर्जांना शुल्क असतं, साधारण २० ते ५० डॉलर. वर्षाला दोन-तीनच भरा. अडचण असेल तर शुल्कमाफीसाठी ईमेल करा, अनेक संस्था ती देतात आणि विचारण्यात कमीपणा नाही.

खर्चाला अनुदान वेगळं मागता येतं. बंगळुरूची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही संस्था कुठल्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव स्वीकारते. म्हणजे तुम्ही तो मराठीत लिहू शकता! इंग्रजीच्या भीतीनं कितीतरी चांगले फोटोग्राफर अर्जच करत नाहीत, त्यांनी इथून सुरुवात करावी. ‘शेरगिल सुंदरम आर्ट्स फाउंडेशन’चं फोटोग्राफीसाठी अनुदान आहे. ‘अल्काझी फाउंडेशन’ फोटोपुस्तकासाठी अनुदान देतं. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटासाठीची तरुण कलाकार शिष्यवृत्ती दोन वर्षं दरमहा ५,००० रुपयांची आहे आणि दृश्यकलांच्या यादीत सर्जनशील फोटोग्राफीही येते. पंचविशी ओलांडलेल्यांसाठी त्याच मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप, दरमहा १०,०००. अर्जाआधी त्या-त्या वर्षीची अधिसूचना पूर्ण वाचा. सरकारी अर्ज बहुतेक वेळा अपुऱ्या कागदपत्रांमुळे बाद होतात.

पाचवी पायरी: फोटोंची निवड

पोर्टफोलिओला बहुधा १० ते २० फोटो मागतात. इथंच अर्ज तरतो किंवा बुडतो.

पडद्यावर निवड करू नका. सीताबर्डीतल्या किंवा धरमपेठेतल्या एखाद्या लॅबमधून साठ-सत्तर फोटोंचे चार बाय सहाचे स्वस्त प्रिंट काढून आणा. फरशीवर पसरा, पंखा बंद करा. पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका, नुसते बघा. दुसऱ्या दिवशी जे फोटो तेच-तेच सांगतात त्यांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यातून एकच ठेवा. हे जिवावर येतं. ज्या फोटोसाठी पहाटे चारला उठलात, ज्यासाठी पोलिसांची बोलणी खाल्लीत, तो फोटो तुम्हाला तुमच्या कष्टामुळे आवडत असतो. बघणाऱ्याला ते कष्ट दिसत नाहीत, त्याला फक्त कागद दिसतो. म्हणून या टप्प्यावर फोटोग्राफर नसलेला एक माणूस बोलवा. शेजारची काकू चालेल, मराठी शिकवणारे सर चालतील. त्यांना विचारा, ‘कुठला काढून टाकला तर काही बिघडणार नाही?’ ते काय बोलतात त्याहीपेक्षा कुठल्या फोटोवर त्यांचा हात थांबतो ते बघा.

मग क्रम लावा. पहिला फोटो दार उघडणारा हवा: जागा कळली पाहिजे, पण सगळं सांगून टाकू नये. सलग तीन चेहरे नकोत, सलग तीन रस्ते नकोत. दुरून घेतलेल्या फोटोनंतर हातांचा, वस्तूचा, पोताचा जवळचा फोटो येऊ द्या. शेवटचा फोटो सूर्यास्ताचा नको. आणि वेगवेगळ्या विषयांची खिचडी करू नका. वाघ, लग्न, फुटाळा तलावावरची संध्याकाळ आणि आजोबांचे सुरकुतलेले हात एकाच पोर्टफोलिओत आले की तुम्ही सगळं काढता एवढंच कळतं, तुम्ही कोण ते कळत नाही. एक विषय, फार तर दोन.

तांत्रिक बाबी थोडक्यात. फाइल जेपेग, रंग एसआरजीबी (पडद्यावर बघायच्या फोटोंची रंगप्रणाली), लांब बाजू सूचनेत सांगितली असेल तितकीच. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, आधी क्रमांक मग आडनाव, कारण देवनागरी नावं काही फॉर्ममध्ये तुटतात. फोटोवर नावाचा शिक्का, वॉटरमार्क अजिबात नको. फोटोओळीत ठिकाण, वर्ष आणि बघणाऱ्याला डोळ्यांनी कळणार नाही अशी एक गोष्ट.

एक जबाबदारीही. कुणाच्या घरात, दुःखात, आजारपणात काढलेला फोटो जगासमोर ठेवण्याआधी त्या माणसाला जाऊन सांगा की तो कुठं जाणार आहे. ‘नाही’ म्हणाले तर तो फोटो अर्जात जात नाही. वीज केंद्र, खाण, रेल्वेचा परिसर, वायुसेनेची हद्द इथं परवानगीशिवाय कॅमेरा किंवा ड्रोन नेऊ नका.

सहावी पायरी: स्टेटमेंट आणि प्रस्ताव

दीडशे ते तीनशे शब्दांत तुमचं काम सांगायचं असतं. आधी मराठीत लिहा, जसं मित्राला चहाच्या टपरीवर सांगाल तसं. मग इंग्रजीत आणा, किंवा इंग्रजी चांगलं असणाऱ्याकडून आणून घ्या. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, पोकळ चालत नाही.

पोकळ म्हणजे कसं? ‘फोटोग्राफी ही माझी आवड आहे. प्रकाश आणि सावलीच्या खेळातून मी मानवी भावनांचा शोध घेतो.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही फोटोग्राफरच्या नावावर खपेल. आता हे बघा:

‘कोराडी आणि खापरखेडा इथल्या कोळशावरच्या वीज केंद्रांभोवतीच्या गावांत राख उडते. ती तुळशीच्या पानांवर बसते, वाळत घातलेल्या साडीवर बसते. दीड वर्षापासून मी तिथल्या बायकांच्या रोजच्या झाडलोटीचे फोटो फिल्मवर काढते आहे. अंगण दिवसातून किती वेळा झाडावं लागतं ते त्या मला आता मोजून सांगतात. रेसिडेन्सीच्या चार आठवड्यांत मला यातले बारा फोटो डार्करूममध्ये मोठे करायचे आहेत, आणि त्याच अंगणांतून आणलेली राख फोटोच्या कागदावर पसरून थेट उजेडानं तिचे ठसे घ्यायचे आहेत. त्यासाठी एन्लार्जर, मोठे ट्रे आणि वाळवण्याची जागा लागेल. माझ्याकडे हे नाही.’

यात कुठं, कुणासोबत, किती काळ, तिथं जाऊन काय आणि त्यासाठी काय लागेल, एवढं सगळं आलं. मोठा शब्द एकही नाही. तुमचा प्रस्ताव असा लिहा की तो दुसऱ्या कुणाला पाठवताच येऊ नये.

आठवड्यांचं ढोबळ वेळापत्रक जोडा आणि त्यात रिकामी जागा ठेवा. चार आठवड्यांत चाळीस प्रिंट, एक पुस्तक आणि एक लघुपट असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, या माणसानं कधी प्रिंट काढलेला नाही.

सातवी पायरी: बाकीचे कागद

बायोडेटा एक पान. प्रदर्शनं नसतील तर नाहीत, उगाच ‘ऑनलाइन स्पर्धेत सहभाग’ भरू नका. शिफारशीसाठी दोन माणसं तुमचं काम खरंच बघितलेली हवीत: शासकीय चित्रकला महाविद्यालयातले प्राध्यापक, वर्तमानपत्राचे फोटो संपादक, किंवा तुम्ही ज्या वस्तीत काम करता तिथली एखादी कार्यकर्ती. मोठ्या नावाच्या दोन ओळींपेक्षा त्या कार्यकर्तीचं पानभर पत्र भारी पडतं. पत्र मागायला निदान तीन आठवडे आधी जा, आणि जाताना प्रिंट घेऊन जा. अंदाजपत्रकात कागद, रसायनं, हार्ड डिस्क, स्थानिक प्रवास आणि परतीचं कुरिअर धरा. प्रिंट परत आणण्याचा खर्च सगळेच विसरतात.

अंतिम तारखेच्या रात्री फॉर्म भरू नका. बऱ्याचदा ती वेळ परदेशातल्या घड्याळाची असते, आणि आपल्या पूर्वेकडच्या देशांत ती आपल्याआधीच उलटलेली असते.

मग वाट बघायची. नकार येतील, जवळजवळ सगळ्यांनाच आधी नकारच येतात, आणि बहुतेक वेळा कारण कळवत नाहीत. तोच प्रस्ताव सहा महिन्यांच्या नव्या कामासह पुन्हा पाठवायला काहीच हरकत नाही. समित्या बदलतात आणि काम पुढं गेलेलं दिसतं. व्हिडिओवर मुलाखत ठरली तर घरात नेट चांगलं असेल तिथं बसा, प्रिंट हाताशी ठेवा आणि इंग्रजीत अडलात तर थांबून शब्द शोधा, घाई नको.

आठवी पायरी: निघताना

देशात जायचं असेल तर फार काही नाही. ओळखपत्र, दोन हार्ड डिस्क वेगवेगळ्या बॅगांत, आणि संस्थेकडे आधी विचारून घ्या की कागद-रसायनं त्यांची की तुमची. परदेशी असेल तर पासपोर्टचं काम निवडीची वाट न बघता आधीच उरकून ठेवा, तो नागपुरातच होतो. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईची फेरी धरा. महागडा कॅमेरा आणि लेन्सा नेत असाल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. सिरियल नंबर आणि बिलं सोबत ठेवा. नाहीतर परत येताना तोच कॅमेरा नवा आणला असं समजून शुल्काचा प्रश्न उभा राहू शकतो. फिल्म चेक-इन सामानात कधीच टाकू नका. हातात पारदर्शक पिशवीत ठेवा आणि स्कॅनरऐवजी हातानं तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमधून गेली तर न धुतलेली फिल्म खराब होते.

तिथं पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस नवीन गावाचे फोटो काढण्यात जातात. काढा, पण ते काम समजू नका. तुम्ही तिथं भिंतीसाठी गेला आहात. घरून नेलेले छोटे प्रिंट पहिल्याच रात्री भिंतीवर लावा, म्हणजे कुणीही दारातून डोकावलं की बोलायला विषय मिळतो. डार्करूम सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाशी नीट ओळख करून घ्या. क्युरेटर तासभर येऊन जातात, तंत्रज्ञ रोज असतो, आणि कागद, रसायनं, चुका यांच्याबद्दल त्याला जे ठाऊक असतं ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. रोज रात्री चार ओळी लिहून ठेवा: आज काय छापलं, किती सेकंद उजेड दिला, कोण काय म्हणालं. परत आल्यावर अहवाल मागतात तेव्हा याच ओळी उपयोगी पडतात.

परत आल्यावर

मानधन आणि अनुदान हे उत्पन्नात धरलं जाऊ शकतं, त्याची पत्रं आणि खर्चाची बिलं जपून ठेवा आणि सीएला दाखवा. संस्थेला अहवाल वेळेत पाठवा. पुढच्या शिफारशी तिथूनच येणार असतात.

काम नागपुरात दाखवा. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, लोकमत भवनातली जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरी, सिव्हिल लाइन्समधलं चिटणवीस सेंटर अशा जागा आहेत. भाडं आणि तारखांची चौकशी चार-सहा महिने आधी करावी लागते. पण त्याआधी प्रिंट घेऊन तिथं जा जिथं ते काढले होते. ग्रामपंचायतीची खोली, समाजभवन, शाळेचा व्हरांडा, कुठंही दोरी बांधून चिमट्यांनी लावता येतात. ज्यांचे फोटो आहेत त्यांना एकेक प्रत द्या आणि ते फोटोंबद्दल काय बोलतात ते लिहून घ्या. फोटोओळीतल्या चुका तिथंच सापडतात, नावं दुरुस्त होतात, आणि पुढच्या अर्जाचं स्टेटमेंट लिहायला त्यातलीच वाक्यं कामाला येतात.